एक्केचाळीस नंबरची जाळी

१

दुपारी दीडला भोंगा व्हायचा. नाकाडोंगरीच्या अलीकडे आमच्या कंपनीची मँगनीजची खाण होती, आणि दीड ते दोन तिथे सगळं थांबायचं. सुरुंग थांबायचे, टिप्पर थांबायचे, पायाखालची जमीन हलायची थांबायची. कामगार झाडाखाली डबे उघडायचे. आणि मी, घनश्याम, राहणार करडी, तालुका मोहाडी, शिक्षण बीएस्सी (दुसऱ्या खेपेला), उपाशीपोटी काळ्या पडद्यांच्या खोलीत शिरायचो. आमचं यंत्र एवढं नाजूक, की अर्ध्या मैलावर सुरुंग उडाला तरी चित्र थरथरायचं. फोटो काढायचा तर तेवढ्या अर्ध्या तासातच.

आता पेपरात नॅनो, टीव्हीवर नॅनो, परवा साबणाच्या जाहिरातीतही नॅनो. अरे लेकहो, आम्ही एकोणऐंशी साली अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे नॅनोच्याही दहाव्या हिश्शात, मोजत होतो! तेही भंडारा जिल्ह्यात, जिथं दिवसातून तीनदा लाइन जायची. सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. न वाटो, माझं काय जातं.

पण त्या दिवसांची आठवण आली की जीव कसा भरून येतो. गरम झालेल्या तेलाचा वास, फोटोच्या प्लेटा धुवायच्या पाण्याचा वास, मधुकरराव साहेबांच्या अडकित्त्याचा आवाज. सगळं सुखाचंच होतं. मी आज बहात्तरचा आहे. त्यातली एक गोष्ट मात्र आजवर कोणाला सांगितली नाही, कारण ती माझ्या हातून झाली.

२

यंत्र मुंबईच्या एका संस्थेतून जुनं म्हणून आलं होतं, ट्रकमध्ये तणशीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, निजवून. माणसाहून उंच खांब, खाली हिरवट उजेड देणारी काच, आणि भिंतीपलीकडे हवा ओढणारा पंप. ढुप्-ढुप्-ढुप्, दिवसभर. त्याचं नाव इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, पण खाणीत सगळे त्याला दुर्बीण म्हणत. मी सुरुवातीला दहा जणांना समजावलं, की बाबाहो, दुर्बीण लांबचं पाहते, हे जवळचं पाहतं. मग नाद सोडला आणि मीही दुर्बीणच म्हणायला लागलो.

मधुकरराव आमचे साहेब. नागपूरचे, डॉक्टरेट केलेले, सुपारीचे भयंकर शौकीन. कंपनी बॅटरीच्या सेलसाठी पत्र्यावर मँगनीजचा बारीक थर चढवायची. तो थर आतून कसा बसतो, सपाट की खडबडीत, ते पाहायचं आमचं काम. थर तसाच यंत्रात घालून चालायचं नाही. त्याचा छाप घ्यावा लागे. थरावर ओलं प्लॅस्टिक दाबायचं, सुकलं की सोलायचं. त्या छापावर काचेच्या हंडीत हवा काढून कार्बनची वाफ बसवायची. मग प्लॅस्टिक विरघळवून टाकायचं. उरते ती कार्बनची फिल्म. नुसत्या डोळ्यांना ती दिसतच नाही. पाण्यावर सोडली आणि तिरप्या उजेडात पाहिलं, तर जराशी झाक तेवढी दिसते. ती तांब्याच्या गोल जाळीवर अलगद उचलायची. जाळी केवढी, तर मसुराच्या डाळीएवढी. श्वास लागला तरी फिल्म फाटायची.

साहेबांच्या हातून दहातल्या आठ फाटत. माझ्या हातून एखादी. ते म्हणायचे, "घनश्याम, हा हात कुठून आणला रे तू?" मी सांगायचो, रोवण्यातून. धानाचं कोवळं रोप मूळ न दुखवता कसं उचलायचं, हे मला बाईने शिकवलं होतं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, रुखमा.

साहेबांनी मला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. "एका जागी दोन मिनिटांच्या वर नाही. लक्षात ठेव. आपण पाहतो म्हणजे त्या जागेवर इलेक्ट्रॉनचा मारा करतो. जास्त वेळ पाह्यलं की तिथं मळ बसतो, काळा डाग पडतो. आणि चित्र आणखी मोठं करायला गेलास, तर सगळा मारा एका टिंबावर येतो. मग फिल्म फाटलीच समज. फुकटात पाहणं नसते, बाबू."

भिंतीवर घड्याळ लावलेलं होतं. मी ते पाहूनच काम करायचो.

३

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि रुखमाबाई पंधराची. तिचं लग्न झालं, दीड वर्षात नवरा गेला आणि ती परत आली. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागे लागले, तर म्हणाली, "याले कोन पाहीन मग?" झालं. मला पाहण्यातच तिचा जन्म गेला. बाबाही पुढे गेले. घरात ती एकटी आणि खाणीत मी. यंत्र चालवणारा मी एकटाच, त्यामुळे रजा मिळायची तीन महिन्यांतून एकदा. बाई मला कधी दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. सव्वीस वर्षांचा घोडा, पण संध्याकाळी खोलीवर गेलो की अक्षरशः रडू यायचं.

खाणीच्या वसाहतीतलं पाणी लाल, पोटाला जड. मी वाळलो. बाईने पाहिलं आणि तिचा जीव खालीवर झाला. "काहून रे असा सुकून गेला? तिथचं पानी पचत नसन तुले. मी पाठवतो ना आपल्या विहिरीचं!" आणि खरंच, दर आठवड्याला टेकचंद कंडक्टरच्या हाती पाण्याचा पांढरा कॅन यायला लागला. करडीहून तुमसर, तुमसरहून खाण. टेकचंद म्हणायचा, "घनश्यामभाऊ, तुमची बहीन म्हंजे धन्य आहे बाप्पा! साऱ्या बसमधी पानी हिंदकळते."

एक्क्याऐंशीचा सप्टेंबर. चार दिवस लाइन नव्हती. यंत्राच्या खोलीपुरतं जनरेटरवर चालायचं, पण पाण्याची वाफ करून शुद्ध पाणी बनवायची भट्टी बंद. इकडे फिल्म तयार, साहेब नागपूरला, आणि परतल्यावर त्यांना फोटो हवे. फिल्म शुद्ध पाण्यावरच सोडायची असते, हे कोणत्याही शिकलेल्या माणसाला कळतं. मी कॅनकडे पाहिलं. आमच्या घरामागे बोडी आहे. बोडी म्हणजे पावसाच्या पाण्याचं लहान तळं. तेच पाणी झिरपून विहिरीत येतं. मी म्हटलं, आमच्या बोडीचं पाणी म्हणजे पावसाचंच, त्यात खराब काय असणार? दोनदा गाळलं आणि बशीत ओतलं. दुसऱ्या कोणत्या गावचं असतं तर मी असं केलं नसतं. घरचं होतं म्हणून शंकाच आली नाही.

फिल्म पाण्यावर इतकी सुंदर पसरली, की काय सांगू. एकही सुरकुती नाही. जाळीवर उचलली, डबीत ठेवली, वर नंबर टाकला. एक्केचाळीस.

४

साहेब आले. दीडचा भोंगा झाला. जाळी यंत्रात घातली, पंपाने हवा ओढून घेतली, आणि हिरव्या काचेवर चित्र उमटलं. मला हसूच आलं.

"साहेब, ह्या तर बांध्या!"

वेडेवाकडे चौकोन, मध्ये बारीक धुरे, म्हणजे बांध. आमच्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, बोडीच्या पाळीवर चढून पाहिली तर अशीच दिसतात. साहेबांनी सुपारी कातरता कातरता वाकून पाहिलं. "हे कण आहेत मँगनीजचे, आणि ह्या त्यांच्या कडा. तुला सगळीकडे धानच दिसते!" आम्ही दोघं खूप हसलो. फोटो काढले, आणि साहेब जेवायला गेले.

मी जाळी जराशी सरकवली. चौकोनांच्या एका टोकाला काळसर, केळीच्या पानासारखी लांबट जागा होती. तिच्या कडेला जाड रेघ, आणि त्या रेघेला मधोमध एक खाच. मी हसायचा थांबलो. आमच्या बोडीच्या पाळीला अशीच खाच आहे. गुरं उतरून उतरून पडलेली. खाचेपासून एक पायवाट निघत होती. पायवाटेवर एक गोल झुबका, मोहाच्या झाडाच्या जागी. पुढे लांबोळकं छप्पर. छपरासमोर सपाट आंगण, आणि आंगणाच्या कोपऱ्यात बारीक कडं. विहीर.

पंप ढुप्-ढुप् करत होता. घड्याळात पाहिलं, पावणेदोन मिनिटं झाली होती. मी बटण बंद केलं. अंधारात बसून राहिलो.

मी सायन्सचा माणूस. स्वतःला म्हटलं, घनश्या, ढगात हत्ती दिसतो तसंच आहे हे. घरची आठवण येते म्हणून घर दिसतं. दुसऱ्या दिवशी चाळीस नंबरची जाळी पाहिली, बेचाळीसची पाहिली. त्यात नुसते कण. मग पुन्हा एक्केचाळीस लावली, आणि आमचं घर जिथल्या तिथे होतं.

आता खरं सांगतो. मी घाबरायला पाहिजे होतं. मला आनंद झाला.

५

रोज दीड वाजता मी पहिली दोन मिनिटं घरी जायचो. असंच म्हणायचो मनाशी, घरी जाऊन येतो. दोन मिनिटं एक्केचाळीस, मग साहेबांचं काम.

आंगणात एक ठिपका होता. पहिल्या दिवशी विहिरीजवळ. दुसऱ्या दिवशी छपराच्या कडेला. तिसऱ्या दिवशी मोहाच्या वाटेवर. धूळ असेल, इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने सरकत असेल, असं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. पण आठव्या दिवशी ठिपका विहिरीशी थांबला आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू छपराकडे गेला. मध्ये एकदा थांबला. बाई भरलेली बादली घेऊन येताना तिथेच थांबते, हात बदलायला.

आणि मग ऑक्टोबरच्या मध्याला एका दुपारी चौकोनांमध्ये नवीनच टिंबं दिसली. काल नव्हती. ओळीने, धुऱ्यांच्या कडेकडेने, पंधरा-वीस. मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. पुंजने होते ते. धान कापून झालं, की पेंढ्यांचे ढीग रचतात ना, ते. कार्बनची फिल्म ही. तिच्यावर कापणी कशी होणार?

"साहेब," मी विचारलं, "फिल्म आपोआप बदलते का?"

अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे. "तू ही कोणत्या पाण्यावर उचलली होती?"

"डिस्टिल्डवर." मी धडधडीत खोटं बोललो.

"आंगणात... म्हणजे, इथं मधोमध," त्यांनी बोट ठेवलं, "डाग पडलाय बघ. तू एकाच जागी फार पाहतोस. फेकून दे ही जाळी."

साहेबांच्या तोंडी 'आंगण' कसं आलं, हे मला तेव्हा सुचलंच नाही, कारण डाग मी पाहिलाच नव्हता. रोजच्या दोन-दोन मिनिटांचा मिळून झालेला, गोल, काळपट, बरोबर आंगणाच्या मध्यावर. मी जाळी फेकली नाही. डबीत ठेवली आणि दिवाळीची वाट पाहत बसलो.

६

दिवाळीला घरी पोचलो तेव्हा दुपार होती. बाई आंगणात तांदूळ पाखडत होती, पण आंगणाच्या एका कडेला, भिंतीला चिकटून.

"मधात काहून नाही बसली?" मी विचारलं.

"तिथं ऊन बरोबर नाई रे." ती सहज म्हणाली. "तूच पाह्य ना."

मी पाहिलं. आंगणाच्या मध्यावर बैलगाडीच्या चाकाएवढी जागा होती. सावली म्हणावी तर वर काही नव्हतं. ऊनच तिथे मळकट पडलं होतं, धुतलेल्या लुगड्यावर तेलाचा डाग राहावा तसं. कोंबड्या त्या जागेला वळसा घालून जात होत्या. मी हात पुढे केला. उन्हाची ऊबच नव्हती तिथे.

"कवापासून?"

"रोवना झाला, त्याच्या बादमधी. रोज दुपारी शाळेची घंटी वाजली का कोनीतरी वरतून पाहून राह्यलं असं वाटते. भेव नाई वाटत पन. आपलंच मानूस पाहते असं वाटते."

शाळेची घंटा दीडला होते. मी तिच्यापाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण बाईपासून मी आयुष्यात काही लपवलं नव्हतं. कार्बन, फिल्म, जाळी यातलं तिला काय कळणार? तिने ऐकलं, सूप खाली ठेवलं आणि तिचा चेहरा असा उजळला की बस्स.

"म्हंजे तुमच्या दुर्बिनीतून करडी दिसते?"

"दुर्बीण नाही वं बाई ती..."

"मी दिसतो तुले?"

"ठिपक्यावानी दिसते."

"मंग सांगाचं नाई का आधी! मी चांगलं लुगडं नेसून उभी राहीन ना. दीडले ना? राहीन."

"नाही!" मी ओरडलोच. "त्या जागी उभी राहू नको. माही आन आहे तुले. तो डाग माह्या पाहण्यानं पडला. मी आता पाहणार नाही."

ती हसली आणि तांदळातला खडा काढून दूर फेकला. "येडा रे बाबू तू. पाह्यल्यानं काय होते?"

७

मी कानाला खडा लावला. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी गेला. एक्केचाळीस नंबरची डबी कपाटाच्या तळाशी ठेवली होती. दीडचा भोंगा झाला की तिच्याकडे पाठ करून काम करायचो. साहेब खूश होते, मी वाळत होतो.

फेब्रुवारीत दोन आठवडे कॅन आला नाही. टेकचंदला विचारलं. "बाई बस-स्टँडवर आल्याच नाही, भाऊ. कोनीतरी म्हने का ताप आहे." रजा मागितली. साहेब म्हणाले, शनिवारी जा, मुंबईची माणसं यंत्र पाहायला येताहेत. तो मंगळवार होता. करडीत तेव्हा फोन कुठला! जीव टांगणीला लागला होता. बुधवारी भोंगा झाला, साहेब पाहुण्यांच्या व्यवस्थेत गुंतलेले, आणि मी कपाट उघडलं. फक्त अर्धं मिनिट, म्हटलं. चालतीफिरती दिसली तरी पुरे.

हिरव्या काचेवर बोडी आली. पाळीची खाच आली. छप्पर, आंगण, डाग.

डागाच्या बरोबर मध्यावर ठिपका होता.

हलत नव्हता. मला आधी वाटलं, पडली बाई. तापात आंगणात पडली आणि कोणी पाहायला नाही. घड्याळात अर्धं मिनिट झालं, एक झालं, ठिपका तसाच. मी चित्र मोठं केलं. वीस हजार पट. ठिपक्याला सावली आली. उभी होती ती. मग काहून हलत नाही? मी आणखी मोठं केलं. तीस हजार. हातात काहीतरी पांढरं होतं. कॅन. माझ्यासाठी भरलेला कॅन घेऊन उभी होती. ताप गेला असेल, बरी असेल. आता बंद कर घनश्या, आता बंद कर. हे मी मोठ्याने म्हणालो, मला माझा आवाज आठवतो.

पण वरून नुसता केसांचा भांग दिसत होता. तीन महिने झाले होते तिचा चेहरा पाहून.

मी चाळीस हजार केलं.

तिने मान वर केली. एवढंच मी पाहिलं. वर पाहताना तिने डोळ्यांवर हात धरला होता आणि ती हसत होती. मग हात डोळ्यांवरून काढून तिने माझ्याकडे केला, पंजा उघडून. ये म्हणत होती की थांब म्हणत होती, ते मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही. चित्राच्या मध्यातून एक पांढरा गोल उमलला, कडा आत वळल्या, सुरकुतल्या, आणि काचेवर नुसता लख्ख उजेड राहिला.

पंप ढुप्-ढुप् करत होता. घड्याळात पाच मिनिटं झाली होती.

८

मी कोणाला न सांगता निघालो. तुमसरला दुसरी बस मिळाली. करडीत उतरलो तेव्हा दिवस मावळायचा होता आणि आमच्या घराकडे सारं गाव जमलेलं होतं.

आंगण नव्हतं. त्याच्या जागी एक गोल खड्डा होता, विहिरीला पोटात घेऊन खचलेला, आणि त्याच्या कडा आत वळलेल्या होत्या. लोक म्हणत होते, जुनी विहीर, बाजूला बोडी, माती पोकळ झाली असेल. पंचनाम्यातही पुढे तेच लिहिलं. तीन दिवस उपसलं. पांढरा कॅन सापडला, झाकण घट्ट लावलेला, पाण्याने भरलेला. बाई सापडली नाही.

शेजारच्या कलाबाईने मला धरून ओट्यावर बसवलं. तिच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं.

"भाऊ, दिवाळीपासून रोज उभी राहे ती तिथं. शाळेची घंटी झाली का चांगलं लुगडं नेसे, केस इचरे, अन् मधात जाऊन उभी. मी म्हनो, रुखमाबाई, काय करून राह्यली वं? तं म्हने, माहा भाऊ तिकून पाहते, पन मले सांगत नाई, लाजते. त्याले दिसलो पायजे ना मी. ताप होता, तरी उभी राह्यली. आज तं लई खुश होती. म्हने, आज पाहून राह्यला वं तो, उलीसं गरम लागून राह्यलं. अन् वरतं पाह्यलं तिनं."

कलाबाईने खड्ड्याकडे बोट केलं.

तीन महिने ती रोज उभी होती. आणि मी रोज पाठ करून बसलो होतो. पाहिलं तेही एकदाच, आणि तेही असं. माझ्या बाईला मी मारलं, हे मी कोणाजवळ बोललो नाही. बोललो असतो तर लोकांनी समजूत घातली असती.

९

नोकरी त्याच वर्षी सोडली. साहेब दोनदा करडीला आले, बसले, सुपारी कातरत राहिले आणि गेले. यंत्र पुढे भंगारात निघालं म्हणे. मी शेती केली. खड्डा बुजवला, आंगण पुन्हा सारवलं, घर तेच ठेवलं. मोहाचं झाड अजून आहे.

आता जे सांगतो ते या उन्हाळ्यातलं आहे. दीडला शाळेची घंटा झाली, आणि मोहाखाली बसलेल्या माझ्या शेळ्या उठून बाजूला झाल्या. तिथलं ऊन मला मळकट वाटलं. म्हटलं, म्हातारपण, मोतीबिंदू असेल. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, काका, नजर पोरांसारखी आहे.

दुसऱ्या आठवड्यात ती जागा वाटेवर होती. मग ओट्याशी. आता आंगणाच्या मध्यावर आहे, आणि रोज गडद होते आहे.

कोण पाहतं ते मला माहीत नाही. मला एकच वाटतं. ज्याला कोणाला मी इथे ठिपक्याएवढा दिसतो, त्याला माझी आठवण येत असेल. दोन मिनिटांच्या वर नाही, हे त्याला कोणी शिकवलं आहे की नाही, कोण जाणे.

घंटा झाली की मी धुतलेला सदरा घालतो आणि मधोमध जाऊन उभा राहतो. टोपी काढून वर पाहतो, म्हणजे चेहरा नीट दिसावा. कालपासून तिथे थोडं गरम लागायला लागलं आहे.

घड्याळ मी घरातच ठेवून येतो.